‘फिशन’ : शब्दाचे मूळ आणि अर्थ

इंग्रजीतील ‘फिशन’ हा शब्द लॅटिनमधील ‘फिंडेरे’, म्हणजे चिरणे किंवा दुभंगणे, या क्रियापदापासून आला असून, भेग या अर्थाचा ‘फिशर’ हा शब्दही त्याच क्रियापदातून निघाला आहे. भाषाशास्त्रज्ञ या क्रियापदाचा संबंध संस्कृतातील ‘भिद्’ धातूशी जोडतात, आणि त्यामुळे मराठीतील भेद, भिन्न, अभेद्य हे शब्द त्याचे दूरचे सगोत्र ठरतात.

एकोणिसाव्या शतकात जीवशास्त्राने हा शब्द एका पेशीच्या दोन पेशी होण्याच्या क्रियेसाठी, म्हणजे द्विविभाजनासाठी, रूढ केला; अमीबा हे त्याचे परिचित उदाहरण होय. डिसेंबर 1938 मध्ये रसायनशास्त्रज्ञ ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम हे कितीतरी हलके मूलद्रव्य आढळले, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ लीझे माइटनर आणि त्यांचे भाचे ऑटो फ्रिश यांनी त्याचा उलगडा असा केला की, अणुकेंद्र द्रवाच्या थेंबासारखे लांबट होऊन, मध्ये आवळले जाऊन दुभंगते आणि त्यातून सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या मोजमापात वापरले जाणारे ऊर्जेचे एकक) इतकी ऊर्जा बाहेर पडते. या घटनेला नाव देण्यासाठी फ्रिश यांनी कोपनहेगनमध्ये विल्यम आर्नल्ड या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाला पेशीविभाजनाची संज्ञा विचारली आणि फेब्रुवारी 1939 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील लेखात तीच वापरली. हे नामकरण अत्यंत समर्पक होते, कारण पेशी आणि अणुकेंद्र या दोहोंतही केवळ टवका न उडता मूळ वस्तूच दोन मोठ्या भागांत वाटली जाते. मराठीत मात्र अणुकेंद्राच्या या फुटण्याला ‘विखंडन’ ही स्वतंत्र संज्ञा मिळाली.