रंगाआधीचं काम

पार्किंगमध्ये कोपरा खांबाला घासला, मागून कुणाच्या तरी दुचाकीचं हँडल लागलं, गेटमधून गाडी काढताना लोखंडी कडी ओरखडून गेली. गाडी असलेल्या प्रत्येक घरात बंपरला असं काही ना काही झालेलं असतं. आपण वर्कशॉपमध्ये जातो, पूर्ण बंपर रंगवण्याचा किंवा बदलण्याचा आकडा ऐकतो आणि गाडी तशीच घेऊन परत येतो. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. माझी पांढरी वॅगन आर मी घराच्या पोर्चमध्ये स्वतः दुरुस्त करते. नणंदेच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांनाही हात लावते. त्या अनुभवावरून सांगते, बंपरची बहुतेक किरकोळ इजा सुट्टीच्या दिवसात घरीच नीट दुरुस्त होते. त्यासाठी बंपर कशाचा बनलाय हे समजून घ्यायला हवं आणि घासायचा कंटाळा नको.

‘विमा आहे की’ असं कुणी म्हणेल. आधी हिशेब मांडून बघा. नेहमीच्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १००० रुपये आपल्याच खिशातून जातात. शिवाय दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ शून्यावर येतो. पहिल्या बिनदाव्याच्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत चढलेली ही सवलत एका ओरखड्यापायी घालवणं शहाणपणाचं नाही. घसारा किंवा बोनस वाचवणारं जादा संरक्षण घेतलं असेल तर गणित बदलतं, तेव्हा पॉलिसी उघडून वाचा आणि मग ठरवा.

रंग न धरणारं प्लॅस्टिक

कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा किंवा अ‍ॅम्बेसेडरचा बंपर म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी होती. आजचा बंपर म्हणजे वरचं प्लॅस्टिकचं आवरण. धक्का सोसणारी धातूची आडवी पट्टी त्याच्या मागे असते आणि पुष्कळ गाड्यांमध्ये या दोहोंच्या मध्ये फोमचा किंवा प्लॅस्टिकचा थर असतो. आपण दुरुस्त करतो ते आवरण.

बंपर आतल्या बाजूने बघा. बहुतेक गाड्यांवर तिथे इंग्रजीत ‘पीपी+ईपीडीएम’ असं उठावात कोरलेलं दिसेल. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि ईपीडीएम हे एक रबर. प्लॅस्टिक आकार टिकवतं आणि रबरामुळे ते धक्क्याला न तडकता लवतं. इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये या पॉलिप्रॉपिलीनची सुबक रचनेची साखळी तयार केली. १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना जर्मनीच्या कार्ल झिग्लर यांच्यासह मिळालं. स्वस्त, हलकं, ॲसिडला दाद न देणारं हे प्लॅस्टिक आज घरोघरी डब्यांच्या रूपात आहे.

पण रंगाच्या दृष्टीने ते हट्टी आहे. त्याच्या रेणूंत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. रंगाने पकड घ्यावी असं त्याच्या पृष्ठभागावर काहीच नसतं. म्हणून उघड्या प्लॅस्टिकवर थेट मारलेला रंग सुरुवातीला सुंदर दिसतो आणि पुढे प्रेशरच्या पाण्याने धुताना पापुद्र्यासारखा निघतो. घरी रंगवलेला बंपर सोलला की लोक रंगाच्या डब्याला दोष देतात. खरं कारण बहुधा मधला एक थर गाळलेला असतो, हेच असतं. त्या थराला दुकानात ‘प्लॅस्टिक प्रायमर’ म्हणतात. त्यात बहुधा क्लोरिन जोडलेलं, प्लॅस्टिकच्याच जातकुळीचं रसायन असतं. ते एकीकडे प्लॅस्टिकला धरतं आणि दुसरीकडे रंगाला. बाटली लहान असते, वेळ दहा मिनिटांचा लागतो आणि सगळ्या कामाचं आयुष्य त्यावर ठरतं.

इजा किती खोल?

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर इजा वरच्या पारदर्शक ‘क्लिअर’ थरापुरती आहे. रबिंग कंपाउंड आणि मऊ कापडाने ती जवळजवळ पुसली जाईल. रंगाची गरजच नाही. पुष्कळदा दिसणारे डाग तर आपल्या बंपरवर चिकटलेला समोरच्या खांबाचा किंवा गाडीचा रंग असतो. आधी तो काढा, मग खाली काय आहे ते कळतं. मात्र जपून, कारण कारखान्यातले सगळे थर मिळून साधारण एकदशांश मिलिमीटर, फार तर थोडे जास्त भरतात आणि क्लिअर त्याचा एक हिस्सा असतो.

नख अडकलं आणि खाली राखाडी किंवा काळं दिसलं, तर प्रायमर किंवा प्लॅस्टिक उघडं पडलं आहे. मग पुढच्या सगळ्या पायऱ्या लागतात.

पोचा आला असेल तर आधी तो काढायचा. उकळतं पाणी सावकाश त्या भागावर ओता आणि जाड हातमोजे घालून आतून दाबा. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे उकळत्या पाण्याने ते फक्त मऊ होतं आणि मूळ आकाराकडे यायला बघतं. आकार आला की लगेच गार पाणी ओतायचं. हेअर ड्रायरही चालतो. हीट गन मात्र एका जागी धरली तर प्लॅस्टिक झोळ खातं.

घासणं

आमच्या गल्लीतले पेंटरमामा सांगतात की रंग कुणीही मारेल, घासायला दम लागतो. त्यांचं सारं आयुष्य गाड्या रंगवण्यात गेलं आहे आणि या एका वाक्यात त्या धंद्याचं सार आहे.

घासण्याआधी धुणं. बंपरवर रस्त्यावरचं तेल आणि पॉलिशमधलं सिलिकॉन बसलेलं असतं. ते न काढता पॉलिश पेपर फिरवला तर ते ओरखड्यांत आणखी खोल जातं. सिलिकॉनच्या कणाभोवती ओला रंग बाजूला सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. म्हणून आधी साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एका कापडाने ओलं करायचं, ते वाळण्याआधी दुसऱ्या स्वच्छ कापडाने टिपायचं. उघड्या प्लॅस्टिकला साधा थिनर लावू नका. तो आत जिरतो आणि नंतर वरचा रंग फुगवतो.

पॉलिश पेपरचा आकडा जितका मोठा तितका तो बारीक. १८० ने सुरुवात, मग ३२०, शेवटी ६००. पेपर लाकडी किंवा रबरी ठोकळ्याला गुंडाळायचा, कारण नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या जागी चर पडतात. वळणदार भागावर जाड स्पंजाचा तुकडा वापरा. उघड्या प्लॅस्टिकभोवती क्लिअर, रंग आणि प्रायमर यांची वलयं दिसू लागतात, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी. ही वलयं जितकी रुंद आणि उतार जितका मंद, तितकी दुरुस्ती बेमालूम. डोळे मिटून हात फिरवा. हाताला कड लागली, तर रंग मारल्यावर ती डोळ्यालाही दिसणारच.

खोल चर उरला तर प्लॅस्टिक प्रायमर मारून वर लांबी भरायची. बंपरसाठी लवचीक लांबी वेगळी मिळते, तीच घ्या. पत्र्यासाठीची लांबी कडक असते. बंपर लवला की ती तडकते. तिच्यात हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती काही मिनिटांत आवळते, म्हणून एका वेळी लिंबाएवढीच कालवा.

लांबी घासून सपाट झाली की प्लॅस्टिक उघडं राहिलेल्या जागी पुन्हा प्लॅस्टिक प्रायमर आणि सगळ्यावर राखाडी प्रायमरचे दोन-तीन पातळ हात. तो वाळला की दुरून काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा करा आणि ६०० च्या पेपरने पाण्यासह घासा. उंच जागेचा काळा रंग निघून जातो, खोलगट जागेत तो उरतो. जिथे काळं दिसतं तिथे अजून काम बाकी आहे. ही पेंटर लोकांची जुनी युक्ती आहे आणि तिच्याइतका प्रामाणिक परीक्षक दुसरा नाही.

मग रंग

रंगाचं नाव सांगून रंग मागू नका, कोड सांगा. तो गाडीवरच्या पट्टीवर, बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीत असतो. सुझुकीच्या गाडीवर ‘झेड२एस’ असेल तर तो सिल्की सिल्व्हर. कोड दिला की रंगाची दुकानं तो मिसळून स्प्रेच्या डब्यात भरून देतात. तरी आधी जुन्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर मारून, वाळवून, उन्हात गाडीशेजारी धरून बघा. गाडी जुनी असेल तर तिचा रंग उन्हाने बदललेला असतो.

साधा पांढरा, लाल किंवा काळा घरी चांगला जमतो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि फवारा किती दुरून, किती ओला मारला यावर ते कसे पडतात हे ठरतं. तोच डबा, तोच रंग आणि छटा मात्र वेगळी, असं होतं. तीन थरांचा मोतिया पांढरा पेंटरकडेच न्या. बंपरच्या बाबतीत एक सोय आहे: तो स्वतंत्र भाग असल्यामुळे रंग त्याच्या कडेशी किंवा एखाद्या घडीशी थांबवता येतो आणि थोडा फरक डोळ्यावर येत नाही.

डबा दोन मिनिटं नीट हलवा. २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. फवारा बंपरच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. पहिला हात मुद्दाम विरळ. खालचं दिसत राहिलं तरी चालेल. एकाच जाड हातात झाकायला गेलात तर ओघळ येतील. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. क्लिअर लागणारा रंग वाळल्यावर निस्तेज दिसतो; चमक वरच्या क्लिअरच्या दोन-तीन हातांनी येते.

हवामान सांभाळा. पावसाळ्यात हे काम करू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि क्लिअर दुधाळ पडतं. एप्रिल-मेच्या दुपारी फवारा पोचायच्या आतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतची, ऊन वर आलेली, वारा पडलेली सकाळ सगळ्यांत चांगली. जमीन आधी ओली करा, म्हणजे धूळ उडणार नाही.

मग थांबा. रंग तासाभरात हाताला लागत नाही, पण आतून पक्का व्हायला दिवस जातात. आठवडाभर गाडी धुऊ नका. त्यानंतर १५०० आणि २००० च्या पेपरने पाण्यासह हलकं घासून कंपाउंड फिरवा. जुन्या-नव्याची सीमा तेव्हा मिटते.

जिवाची काळजी आणि कामाची हद्द

रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. कापडी किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनच्या डब्या असलेला मास्क लागतो. आणि हार्डनर असलेलं ‘टू-के’ क्लिअर घरी फवारू नका. त्यात आयसोसायनेट असतात. १९८४ मध्ये भोपाळला गळलेला वायू याच कुळातला होता. क्लिअरमधले पदार्थ त्याच्याइतके उडणारे नाहीत, पण फवाऱ्यातून फुप्फुसात गेले तर दमा कायमचा मागे लावू शकतात. घरी साधं एका डब्यातलं क्लिअरच वापरा. स्प्रेचा वायू पेट घेतो, तेव्हा जवळ गॅसची शेगडी, गिझर, तुळशीपुढचा दिवा काहीही पेटतं नको. डबा उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्या वेळी घरात ठेवा.

काही कामं घरची नाहीत. बंपर गाडीला जिथे अडकतो ते कान तुटले असतील, चीर तिथपर्यंत गेली असेल, किंवा आतली पट्टी वाकली असेल, तर गाडी गॅरेजमध्येच न्या. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्यांच्या तोंडावर रंग किंवा लांबी चढू देऊ नका. काही नव्या गाड्यांत बंपरमागे रडार असतं. तिथे लांबी भरण्याचा विचारही नको. पुन्हा ओरखडा नको म्हणून लोखंडी गार्ड बसवणं तर साफ चूक. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. गार्डमुळे धक्का थेट गाडीच्या सांगाड्याला जातो, एअरबॅगच्या कामात अडथळा येऊ शकतो आणि पादचाऱ्याला जास्त इजा होते.

या दिवाळीनंतर एका मोकळ्या सकाळी स्वतःच्या गाडीचा एखादा छोटा ओरखडा निवडा आणि एवढ्यापासून सुरुवात करा. सामान मोजकं आहे: साबण, अल्कोहोल, तीन-चार पॉलिश पेपर, प्लॅस्टिक प्रायमर, राखाडी प्रायमर, कोडप्रमाणे रंग, क्लिअर आणि योग्य मास्क. वेळ घासण्याला द्या, घाई रंगाची करू नका. खालचा पृष्ठभाग नीट झाला असेल तर वरचा रंग टिकतोच.