मेंदूतल्या आधारपेशी काय जाळतात?

परीक्षेच्या दिवशी आई हातावर दही-साखर ठेवते, आणि 'मेंदू साखरेवरच चालतो' हे शाळेत शिकलेले वाक्य आपल्याला पटते. बऱ्याच अंशी ते खरेही आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के असतो, ऊर्जेच्या खर्चात मात्र सुमारे २० टक्के, आणि ती गरज मुख्यतः ग्लुकोजच भागवते. पण मेंदूत दुसरे काही जळतच नाही, ही समजूत चुकीची आहे. १९६७ साली जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दीर्घ उपवासावरच्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या इंधनात निम्म्याहून अधिक वाटा किटोनांचा, म्हणजे चरबीपासून बनणाऱ्या रेणूंचा, निघाला. त्याहून कमी बोलले जाते ते अमिनो आम्लांबद्दल. त्यांचे ज्वलन बरेचसे होते ते चेतापेशींच्या शेजारच्या चांदणीच्या आकाराच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींत.

या पेशी ज्या आधारपेशींच्या गटात मोडतात, त्या सगळ्यांना एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्शो या जर्मन वैद्याने चेतापेशींमधला निव्वळ भराव मानले होते. त्या चेतापेशींच्या दहापट असतात, हेही वर्षानुवर्षे छापले गेले. २००९ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी मोजणी केली, तर चेतापेशी सुमारे ८६ अब्ज आणि बाकीच्या पेशी साधारण तेवढ्याच निघाल्या.

आता ग्लूटामेटकडे वळू. चेतापेशी एकमेकींना निरोप देतात ते बहुतांशी याच अमिनो आम्लाच्या मदतीने. निरोप पोचला की ते तिथून हटवावेच लागते. साचून राहिले तर चेतापेशी अतिउत्तेजित होऊन मरतात. हटवण्याचे काम अ‍ॅस्ट्रोसाइट करतात. पाठ्यपुस्तक सांगते, की त्या ग्लूटामेटचे ग्लूटामाइन करून चेतापेशींना परत देतात. हे खरे असले तरी अर्धेच आहे. ग्लूटामेटचा एक रेणू आत ओढताना तीन सोडियम आयन सोबत येतात आणि ते पुन्हा बाहेर ढकलायला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जाचलनाचा, एक रेणू खर्ची पडतो. ग्लूटामाइन बनवायला आणखी एक. हा खर्च भागवायला काही ग्लूटामेट तिथेच जाळले जाते : त्याचा नायट्रोजन काढला, की उरलेला सांगाडा मायटोकॉन्ड्रियातल्या क्रेब्ज चक्रात शिरतो आणि खर्चाच्या कित्येक पट एटीपी देतो. मालमोटारीने भाड्यापुरता माल वाटेतच विकावा, तसा हा व्यवहार. १९९६ साली उंदरांच्या अ‍ॅस्ट्रोसाइटवर झालेल्या प्रयोगांत तर असे दिसले, की बाहेर ग्लूटामेट जितके वाढवावे, तितका जाळला जाणारा हिस्साही वाढतो. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही : जो पदार्थ साचला तर घातक, त्याचाच पेशीने सरपण म्हणून उपयोग केला.

'अमिनो आम्ले मोडायची ती यकृताने' हाही असाच सरसकट समज. ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन यांच्या विघटनाची पहिली पायरी यकृतात फारशी होतच नाही. ती स्नायूंत आणि मेंदूतही होते. ल्यूसिन रक्तातून मेंदूत झटकन शिरते. त्याच्या नायट्रोजनातून ग्लूटामेट घडते आणि कार्बनच्या सांगाड्यापासून अ‍ॅस्ट्रोसाइट किटोन तयार करू शकतात. तरीही हे पूरक इंधनच आहे, ग्लुकोजची जागा ते घेत नाही.

मग जिममधली 'बीसीएए' पावडर, म्हणजे हीच तीन अमिनो आम्ले, मेंदूला ताकद देते का? तसे मानायला आधार नाही. मेंदूत शिरण्याचे दार या तिघांना ट्रिप्टोफॅन, टायरोसिन वगैरेंशी वाटून घ्यावे लागते. एकाची गर्दी झाली की दुसऱ्याचा शिरकाव कमी होतो. ही तीन आम्ले मोडणारे विकर जन्मतः सदोष असेल, तर ती साचून तान्ह्या बाळाच्या मेंदूला गंभीर इजा होते. लघवीला पाकासारखा गोड वास येणारा हा आजार जॉन मेंकेस यांनी १९५४ साली नोंदवला. चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोची, म्हणजे सोडियम ग्लूटामेटची, भीतीही याच हिशेबात तपासावी : खाल्लेले ग्लूटामेट बहुतेक आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात आणि रक्तातून मेंदूत ते जवळपास जात नाही.

शेवटचा गैरसमज घराघरांत आढळतो आणि तो सर्वांत महागात पडतो. यकृत निकामी होऊ लागले, की रक्तात अमोनिया वाढतो. मेंदूत युरिया बनवण्याची पूर्ण यंत्रणा नाही, त्यामुळे अ‍ॅस्ट्रोसाइट तो ग्लूटामेटला जोडून ग्लूटामाइन करतात. ते साठून पेशी सुजतात आणि रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. 'अमोनिया वाढला' म्हणून डाळ, दूध, अंडी परस्पर बंद करू नका. अमोनिया पचवण्याचे काम स्नायूही करतात आणि प्रथिने तोडली की स्नायूच झिजतात. म्हणून सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कायमचे निबर झालेल्या, बहुतेक रुग्णांना आज वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगतात.