गोष्ट तपासताना

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांच्या लेखी परीक्षेत 24 गुण उपयोजित लेखनाचे असतात. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी यांच्या रांगेत कथालेखनही बसलेले असते. कधी चार-पाच मुद्दे देतात, कधी अर्धवट कथा पुरी करायला सांगतात. त्यामुळे पुणे जिल्ह्यातला भोर तालुका काय, वेल्हे काय, हायस्कुलातल्या वर्गात एक मंत्र नेमाने चालतो: शीर्षक ठळक, परिच्छेद तीन, मध्ये दोन-चार संवाद आणि शेवटी तात्पर्य. हा मंत्र अगदीच चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. परीक्षकापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो, आणि त्याच्या नजरेत झटकन भरेल त्यालाच गुण मिळतात. माझी तक्रार वेगळी आहे. बोर्डाच्या पेपरसाठी केलेली ही सोय खाली उतरत पाचवी-सहावीच्या वहीपर्यंत आली आहे. तिथे ना बोर्ड, ना गठ्ठा. एक शिक्षक आणि मोजकी मुले. तरीही गोष्टीखाली लाल शाईत ‘छान’, ‘अक्षर सुधारा’ आणि 10 पैकी 6.

तात्पर्याची सवय जुनी आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828 साली इसापनीती मराठीत आणली, आणि मुलांसाठी छापलेल्या गोष्टींची सुरुवातच बोधकथेपासून झाली. बोधकथेतला कोल्हा एका शिकवणीसाठी राबत असतो. त्याला स्वतःचे म्हणून काही दुःख नसते. बालसाहित्य त्यानंतर खूप पुढे गेले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुणे जिल्ह्यातल्याच फुरसुंगीचा, आणि तो संकटातून निसटल्यावर कोणी तात्पर्य विचारत बसत नाही. वर्गातले कथालेखन मात्र छत्र्यांच्या काळातच थांबले आहे.

वास्तविक मोकळीक मिळून बरीच वर्षे झाली. शिक्षण हक्क कायद्यानंतर 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाला पहिली-दुसरीत 70 टक्के, तिसरी-चौथीत 60, पाचवी-सहावीत 50 आणि सातवी-आठवीत 40 टक्के भार. साधनतंत्रे आठ: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर. शिवाय प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी. म्हणजे मुलाने सांगितलेली गोष्ट, लिहिलेली गोष्ट, पुन्हा लिहिलेली गोष्ट, सगळे त्यात रीतसर बसते. घडले काय, तर नोंदींच्या तयार याद्या निघाल्या. ‘कथा आवडीने ऐकतो’, ‘स्वतःच्या शब्दांत मत मांडते’. ही वाक्ये कोणत्याही मुलाच्या नावापुढे खपतात. शिक्षकांना दोष देऊन हे संपत नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र सांभाळायचे, त्यात माहिती भरायचे काम रोजचे. तरीही ज्या नोंदीतून ते एक मूल ओळखू येत नाही, तिला मूल्यमापन कसे म्हणायचे?

या दोन तालुक्यांत गोष्टींना तोटा नाही. वेल्हे तालुक्याला 2024 मध्ये राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला. तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर ही नावे मुलांना पाठ असतात, आणि गोष्ट लिहा म्हटले की वर्गातली निम्मी मुले मावळा होतात. पण त्यांच्या घरात दुसराही साठा आहे: भाताची लावणी, पुण्याला कामाला गेलेला बाप, धरणाखाली गेलेले गाव. भाटघरचे धरण 1928 मध्ये पुरे झाले. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. एवढे पाणी अडवलेल्या मुलुखात बुडालेले गाव ही कल्पना नसते. ती आजीची आठवण असते. वेळवंडीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते.

समजा, अशाच एखाद्या खोऱ्यातल्या पाचवीतल्या एका मुलाने लिहिले: “आज्जी म्हणली तितं जाऊ नको पानी वाडतंय. तरी बकरी गेली. मग मी बी गेलो. देवळात आजून घंटा हाय. मी वाजवली. आज्जीनं वरनं ऐकलं आन ती रडाय लागली.” बस, गोष्ट संपली.

नेहमीच्या तपासणीत ‘म्हणली’, ‘तितं’, ‘पानी’, ‘वाडतंय’, ‘हाय’, ‘आन’ यांभोवती गोल पडतील. परिच्छेद नाहीत, शीर्षक नाही, तात्पर्य नाही. 10 पैकी 4. आता तीच गोष्ट वाचक म्हणून वाचा. आजी का रडली हे मुलगा सांगत नाही, आणि म्हणूनच ते आपल्याला कळते. घंटेच्या एका आवाजाने त्याने आजीचे बुडालेले गाव जागे केले आहे. हे दहा वर्षांच्या मुलाला साधले, आणि साधले आहे हे त्याला कोणी तरी सांगायला हवे, नाहीतर पुढच्या वेळी तो ‘आजीला आपले जुने गाव आठवले’ असे लिहून मोकळा होईल. उणीवही आहे. बकरीने त्याला देवळापर्यंत नेले आणि ती मधेच हरवली. तेव्हा शिक्षकाने एकच प्रश्न लिहावा: “बकरीचं पुढं काय झालं?” त्या प्रश्नासाठी मूल गोष्ट पुन्हा लिहायला बसेल. ‘मांडणी सुधारा’ वाचून कोणीच बसत नाही.

आणि भाषा? बोलीला हात लावू नये असे म्हणून शिक्षकाला मोकळे होता येत नाही. त्याच मुलाला पुढे दहावीचा पेपर लिहायचा आहे, आणि ‘पानी’ला तिथे गुण कापले जातील. माझ्या मते उपाय दोन्ही खाती वेगळी ठेवण्यात आहे. गोष्टीचे मत गोष्टीखाली. लेखननियमांसाठी शेजारच्या पानावर फक्त तीन शब्द. या खेपेला ‘पाणी’, ‘वाढतंय’, ‘अजून’. एवढे शब्द सोडून आजीचे बाकीचे बोलणे आजीच्याच तोंडचे राहू द्यावे, आणि ते का राहू दिले हेही मुलाला सांगावे. शुद्धलेखनाचे गुण गोष्टीच्या गुणांत मिसळले की मुलाला वाटते, आपली गोष्टच चुकली.

गुणांवर फार विसंबू नये, याला पुरावा आहे. 1961 मध्ये अमेरिकेत पॉल डीडरिक आणि सहकाऱ्यांनी 300 निबंध वेगवेगळ्या व्यवसायांतल्या 53 वाचकांना दिले आणि नऊ श्रेणी ठरवून दिल्या. 94 टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊही वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. वाचकांचे गट पडले होते: कोणी विचार पाहत होता, कोणी रचना, कोणी शुद्धलेखन, कोणी शब्दकळा, कोणी लिहिणाराचा स्वतःचा ढंग. आपल्या शाळांच्या केंद्रातही हेच आढळेल. म्हणून केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत एक प्रयोग करण्यासारखा आहे. मुलांची नावे झाकून गोष्टी आणाव्यात, दोन-दोन शेजारी ठेवाव्यात आणि एवढेच विचारावे: यातली सरस कोणती? माणसाला आकडा ठरवण्यापेक्षा तुलना करणे सोपे जाते, हा एल. एल. थर्स्टन यांनी 1927 मध्ये मांडलेला विचार, आणि आज इंग्लंडमधल्या अनेक शाळा मुलांचे लेखन असेच तपासतात. यातून क्रम मिळेल, मुलाने पुढे काय करावे ते मिळणार नाही. खरा लाभ शिक्षकांच्या वादातून होईल, कारण ‘मला हीच का आवडली’ हे तिथे बोलून दाखवावे लागते.

मला मात्र जवळचा वाटतो तो इटलीतल्या बार्बियानाचा डोंगरी वर्ग. तिथल्या मुलांनी 1967 मध्ये शिक्षिकेला लिहिलेले पत्र सुधा कुलकर्णी यांनी ‘प्रिय बाई’ म्हणून मराठीत आणले आहे. ही मुले सुचेल ते वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहीत, चिठ्ठ्या लावून क्रम ठरवीत, अनावश्यक ते गाळीत आणि मग बाहेरच्या माणसांना वाचून दाखवीत. ऐकणाऱ्याला जे कळले नाही ते पुन्हा लिहायचे, हीच तपासणी. शाळेने नापास करून घरी धाडलेली डोंगरातली मुले ती. रायरेश्वराच्या नाहीतर मढे घाटाच्या बाजूच्या शाळेत हे उद्या करता येईल. ऐकायला आजी आहेच, गुराखी आहे, अंगणवाडीच्या ताई आहेत.

छोटा पट ही इथे अडचण नसून सवड आहे. आठ मुलांच्या आठ गोष्टी शिक्षक मन लावून वाचू शकतो. साठांच्या वाचणे अशक्य. पण सप्टेंबर 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव राज्यभरातून मागवले गेले, तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर उदाहरण दिले गेले ते आपल्याच पानशेतचे. समूहशाळेत खेळायला सोबती मिळतील, ग्रंथालय मिळेल, विषयाला शिक्षक मिळेल. हे फायदे खरे आहेत. तिथे वर्ग मोठा होईल, हेही खरे. म्हणून एक मागणी आतापासून करावीशी वाटते. मूल वाडीवरच्या शाळेतून समूहशाळेत गेले की दाखल्याबरोबर त्याची गोष्टींची वहीही जावी: पहिला खर्डा, शिक्षकाचा प्रश्न, दुसरा खर्डा. आणि वर्णनात्मक नोंदीत असे काही असावे: “बकरीचा प्रश्न सोडवून गोष्ट पुन्हा लिहिली. आजीचे बोलणे आजीसारखेच ठेवले. ‘पाणी’ आता बरोबर लिहितो. शेवट सांगून टाकत नाही. ही सवय मोडू नये.”