पेशंटचे गुपित कुणाचे?

दोन-तीन वर्षांपूर्वीची हकिगत आहे. संबंधितांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतका तपशील बदलून लिहितो. एक गृहस्थ शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून होते. आत येऊन हळूच म्हणाले, "डॉक्टर, आमचे दाजी तुमच्याकडे येतात. फार खंगलेत. टीबी-बिबी नाही ना? तुम्ही घरच्यासारखे, म्हणून विचारतो."

मी म्हणालो, "त्यांनाच विचारा." गृहस्थ रागावून गेले.

टीबी असता तरी मी सांगितले नसते. २०१२ सालापासून टीबीच्या रुग्णाची नोंद सरकारकडे करणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. पण ती आरोग्य खात्याकडे, मेव्हण्याकडे नव्हे! दाजींना टीबी नव्हता. एचआयव्ही होता, आणि मेव्हण्यापेक्षा मला काळजी होती ती त्याच्या बहिणीची. तिला काहीच ठाऊक नव्हते.

अशा वेळी डॉक्टरने काय करावे? १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. रक्त देताना एकाचा एचआयव्ही उघड झाला, बातमी फुटून ठरलेले लग्न मोडले आणि त्याने हॉस्पिटलवर दावा लावला. न्यायालयाने तो मानला नाही; होणाऱ्या वधूच्या जिवाचे मोल अधिक धरले. पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा झाला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार पेशंटच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. मात्र जोडीदाराला लागण होण्याचा मोठा धोका असेल, समजावूनही पेशंट सांगणार नाही अशी खात्री झाली असेल, तर डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतो; तेही पेशंटला आधी कल्पना देऊन, आणि समोरासमोर. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पेशंट बाई असेल आणि नवरा मारहाण करील, घराबाहेर काढील अशी भीती असेल, तर कायदा डॉक्टरला गप्प राहायला सांगतो. हे कलम लिहिणाऱ्याला आपली घरे चांगली माहीत असावीत.

मी दाजींना बोलावले. औषधे सरकारी केंद्रात फुकट मिळतात; ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे समजावले. मग म्हणालो, "आठ दिवसांत तुम्ही सांगा. नाहीतर मला सांगावे लागेल."

"संसार मोडेल, डॉक्टर."

सातव्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. माझ्यासमोरच त्यांनी सांगितले. अर्धे बोलले, अर्धे मी पुरे केले. बाई बराच वेळ पदराचे टोक पिळत होत्या. मग एवढेच विचारले, "पोरांचं काय?"

दुसऱ्याच दिवशी सगळे सरकारी दवाखान्यात तपासणीला गेले. रिपोर्ट काय आले ते इथे लिहीत नाही. मेव्हणे अजून माझ्याशी बोलत नाहीत.