पोपची प्रमादातीतता

रोमन कॅथलिक पंथातील एक सिद्धांत. ख्रिस्तसभेचा सर्वोच्च प्रमुख या नात्याने पोप जेव्हा श्रद्धा किंवा नीती यांविषयीचे एखादे तत्त्व सर्व ख्रिस्तसभेला बंधनकारक म्हणून निश्चित करतो, तेव्हा ईश्वरी साहाय्यामुळे त्या निर्णयात प्रमाद संभवत नाही, असा या सिद्धांताचा आशय आहे. पहिल्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १८ जुलै १८७० रोजी ‘पास्तोर एतेर्नुस’ या संविधानाद्वारे तो घोषित केला. पोप निष्पाप असतो किंवा त्याचे प्रत्येक वचन सत्य असते, असा त्याचा अर्थ नव्हे.

आधार व पूर्वपीठिका : ख्रिस्ताने सेंट पीटरला ख्रिस्तसभेचा पाया म्हटले (मत्तय १६ : १८-१९), त्याची श्रद्धा ढळू नये म्हणून प्रार्थना केली (लूक २२ : ३२) आणि आपला कळप त्याच्या स्वाधीन केला (योहान २१ : १५-१७), रोमचा बिशप हा पीटरचा उत्तराधिकारी असल्याने हे दायित्व त्याच्याकडे येते, अशी कॅथलिक भूमिका आहे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स पंथ रोमला प्राचीन काळी असलेला अग्रमान मान्य करतो, परंतु सार्वत्रिक अधिकारक्षेत्र मानीत नाही. प्रॉटेस्टंट पंथ बायबललाच अंतिम प्रमाण मानतात.

पश्चिमेकडेही हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. एकाच वेळी तीन व्यक्ती पोपपदावर हक्क सांगत असताना भरलेल्या कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने (१४१४–१८) परिषदेचा अधिकार थेट ख्रिस्ताकडून आलेला असून पोपनेही तो मानला पाहिजे, असे १४१५ मध्ये जाहीर केले. फ्रान्समधील धर्माधिकाऱ्यांनी १६८२ मध्ये पोपचा निर्णय ख्रिस्तसभेच्या संमतीवाचून अपरिवर्तनीय ठरत नाही, असे प्रतिपादन केले. पोप पहिला होनोरियस (कार. ६२५–३८) याने ख्रिस्ताच्या ठायी एकच इच्छाशक्ती आहे या मताला अनुकूल पत्रे लिहिली होती. कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने (६८०-८१) त्याचा मरणोत्तर निषेध केला. प्रमादातीततेच्या विरोधकांनी हे उदाहरण वारंवार पुढे केले. ती पत्रे म्हणजे विधिपूर्वक केलेली व्याख्या नव्हे, असे समर्थकांचे उत्तर होते.

१८७० चा निर्णय : पोप नववा पायस (कार. १८४६–७८) याने बोलाविलेली परिषद ८ डिसेंबर १८६९ रोजी सुरू झाली. या विषयावर बिशपांत तीव्र मतभेद झाले. द्यूपांलू, श्ट्रोसमायर, केटेलर आदी बिशपांचा घोषणेला विरोध होता. काहींना सिद्धांत अमान्य होता, तर काहींना ती वेळ अनुचित वाटत होती. १३ जुलैच्या प्राथमिक मतदानात ४५१ मते अनुकूल, ८८ प्रतिकूल व ६२ सशर्त अनुकूल पडली. पोपसमोर विरोधी मत देणे टाळण्यासाठी अल्पमतातील बहुतेक बिशप रोम सोडून गेले. अंतिम मतदानात ५३३ मते बाजूने व २ विरुद्ध पडली. दुसऱ्याच दिवशी फ्रान्स-प्रशिया युद्ध जाहीर झाले आणि २० सप्टेंबर रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतले. पोपची ऐहिक सत्ता लयास जात असतानाच त्याच्या आध्यात्मिक अधिकाराची ही सर्वोच्च व्याख्या झाली.

अटी व मर्यादा : पोप सर्व ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ व शिक्षक म्हणून, म्हणजेच ‘पीठावरून’ (एक्स काथेद्रा) बोलत असला पाहिजे, विषय श्रद्धा वा नीतीचा असला पाहिजे, आणि ते तत्त्व संपूर्ण ख्रिस्तसभेने मानावे असा निश्चित निर्णय त्याने दिला पाहिजे. अशा व्याख्या स्वतःच अपरिवर्तनीय असतात, ख्रिस्तसभेच्या संमतीमुळे नव्हे, हे संविधानातील वाक्य सर्वाधिक वादग्रस्त ठरले. १८७० नंतर हा अधिकार विधिपूर्वक एकदाच, १ नोव्हेंबर १९५० रोजी, वापरला गेला. त्या दिवशी बाराव्या पायसने मरियेचे सदेह स्वर्गोन्नयन हे श्रद्धातत्त्व म्हणून घोषित केले. नवव्या पायसने ८ डिसेंबर १८५४ रोजी केलेली मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाची घोषणाही याच कोटीतील मानतात. दोन्ही वेळी जगभरच्या बिशपांची मते आधी मागविण्यात आली होती.

प्रमादातीतता आणि ‘अधिकारक्षेत्राचे अग्रत्व’ यांत भेद केला पाहिजे. पहिली शिकवणुकीच्या सत्यतेशी, तर दुसरे शासनाशी संबंधित आहे. भारतातील पाद्रोआदो-प्रॉपगँडा वाद हे दुसऱ्याचे उदाहरण होय. पोप सोळावा ग्रेगरी याने १८३८ मध्ये ब्रिटिश भारतातील पोर्तुगीज आश्रयाखालील बिशपक्षेत्रांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा गोव्याच्या धर्मगुरूंनी विरोध केला. वाद कोणाची आज्ञा मानावी याविषयी होता, श्रद्धातत्त्वाविषयी नव्हता.

प्रतिक्रिया व पुढील विवेचन : म्यूनिकचा इतिहासकार डलिंगर याने सिद्धांत नाकारल्यामुळे १८७१ मध्ये त्याला बहिष्कृत करण्यात आले. असहमत गटांतून ‘ओल्ड कॅथलिक’ संघटना उभ्या राहिल्या. कॅथलिक नागरिकाची राज्यनिष्ठा आता संशयास्पद ठरते, असा आक्षेप ग्लॅडस्टनने १८७४ मध्ये घेतला; त्याला न्यूमनने १८७५ मध्ये उत्तर देताना पोपच्या अधिकाराच्या मर्यादा आणि सदसद्विवेकबुद्धीचे स्थान स्पष्ट केले. त्याच वर्षी जर्मन बिशपांनी, बिशप हे पोपचे केवळ हस्तक नाहीत, असे निवेदन काढले व नवव्या पायसने त्याला संमती दिली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) ‘लूमेन जेन्तियुम’ (१९६४) या संविधानात पोपशी ऐक्य राखणाऱ्या बिशपसंघाच्या शिकवणुकीलाही या गुणात स्थान दिले. संततिनियमनविषयक ‘हुमाने व्हिते’ (१९६८) हे परिपत्रक प्रमादातीत म्हणून घोषित केलेले नसतानाही त्याच्या बंधनकारकतेवरून मोठा वाद झाला. १९७० मध्ये हान्स क्यूंग याने सिद्धांतालाच आव्हान दिले. १९७९ मध्ये त्याची कॅथलिक ईश्वरविद्या शिकविण्याची अनुमती काढून घेण्यात आली.

सिद्धांताची व्याख्या संकुचित असली, तरी तिचे वलय पोपच्या सामान्य वचनांभोवतीही पसरते. त्यामुळे पोपची कोणती शिकवण अंतिम आणि कोणती पुनर्विचाराला मोकळी, हे ठरविणे श्रद्धावंताच्या दृष्टीने कळीचे बनते. अन्य पंथीयांशी ऐक्याच्या मार्गातही हाच प्रश्न उभा राहतो. पोप दुसरा जॉन पॉल याने १९९५ मध्ये आपल्या अग्रत्वाच्या वापराविषयी त्यांना संवादाचे आवाहन केले. त्यास मिळालेल्या प्रतिसादांचा आढावा व्हॅटिकनने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला असून त्यात १८७० च्या शिकवणुकीचा नव्याने अर्थ लावण्याची सूचना आहे.