संगणक-जाळ्यातील छिद्रांचा शोध

२७ जून २०१७ रोजी युरोपात सुरू झालेल्या 'नॉटपेट्या' या संगणक-हल्ल्याची झळ उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरालाही बसली. मर्स्क समूहाच्या ताब्यातील टर्मिनलची संगणक यंत्रणा बंद पडून कामे हाताने करण्याची वेळ आली. या समूहाला पुढे जगभरात सुमारे ४ हजार सर्व्हर व ४५ हजार संगणक नव्याने उभारावे लागले. खेदाची बाब अशी की, हल्ल्याने वापरलेले विंडोजमधील छिद्र बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. अर्थात, चोरलेल्या पासवर्डच्या साह्यानेही हा विषाणू पसरत असल्याने तेवढी दुरुस्ती पुरेशी ठरली असती असे नव्हे.

कोणत्या संगणकावर अशी दुरुस्ती राहून गेली आहे, हे सांगणाऱ्या मुक्तस्रोत आज्ञावलींमध्ये 'ओपनव्हास' प्रमुख होय. १९९८ मध्ये आरंभ झालेल्या 'नेसस'ची पुढील आवृत्ती खुली राहणार नाही, असे २००५ मध्ये जाहीर झाल्यावर जुन्या संहितेतून तिची शाखा फुटली. जर्मनीतील ग्रीनबोन ही कंपनी तिचा विकास करते.

काली लिनक्सवर 'जीव्हीएम' हे पॅकेज घेऊन 'जीव्हीएम-सेटअप' ही आज्ञा दिली की प्रतिष्ठापना सुरू होते. शेवटी पडद्यावर उमटणारा पासवर्ड टिपून ठेवावा. खरा वेळ जातो तो चाचण्यांचा साठा उतरवून घेण्यात. त्याला काही तास लागू शकतात. तो पुरा होण्याआधीच तपासणी चालविणारा नवशिका 'काहीच सापडले नाही' म्हणून निश्चिंत होतो, आणि हा निश्चिंतपणाच घातक. हा साठा पुढेही नियमित अद्ययावत करावा लागतो. अन्यथा नवी छिद्रे तिला ठाऊकच नसतात.

आवृत्ती बदलताना मात्र अडचणी हमखास येतात. सर्व निष्कर्ष 'पोस्टग्रेस' या डेटाबेसमध्ये साठविलेले असतात. प्रणालीबरोबर पोस्टग्रेसचीही नवी आवृत्ती आली की जुनी व नवी शेजारी-शेजारी नांदू लागतात, माहिती जुनीतच राहते आणि आज्ञावली सुरू होण्यास नकार देते. म्हणून आधी डेटाबेसची प्रत काढावी, माहिती नव्या आवृत्तीत हलवावी, मग आज्ञावलीच्या स्वतःच्या तक्त्यांचे स्थलांतर करावे आणि 'जीव्हीएम-चेक-सेटअप'ने खातरजमा करावी. प्रत न काढता पुढे जाणे म्हणजे मागील सर्व अहवालांवर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे.

तपासणी केवळ बाहेरून केल्यास घराचे दार तेवढे दिसते; संगणकाचे लॉगिन दिल्यास आतील राहून गेलेल्या दुरुस्त्याही कळतात. मात्र दुसऱ्याच्या जाळ्यावर परवानगीवाचून असा प्रयोग करणारा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कचाट्यात सापडू शकतो. स्वतःच्या कार्यालयातही ही तपासणी कामाच्या वेळेबाहेर करणे बरे. जुने प्रिंटर तिच्या भडिमाराने अडकतात, किंवा मध्यरात्री अगम्य अक्षरांचे कागदामागून कागद छापू लागतात.