वैर, प्रेम आणि स्पर्शाचे मैदान

तरुण वाचकांमध्ये आज इंग्रजी कादंबऱ्यांचा एक विशिष्ट प्रकार लोकप्रिय आहे. दोन तरुण खेळाडू, त्यांच्यात आधी कडवे वैर, मग नाइलाजाचा सहवास आणि शेवटी प्रेम. हॅना ग्रेस या लेखिकेची २०२२ सालची 'आइसब्रेकर' ही महाविद्यालयीन प्रेमकथा याचा एक ठळक नमुना होय. बर्फावर स्केटिंग करणारी विद्यार्थिनी आणि हॉकी संघाचा कप्तान यांना एकाच मैदानावर सराव करणे भाग पडते आणि भांडणातून कथा प्रेमापर्यंत जाते. शाळकरी वयाच्या मुलामुलींच्या कादंबऱ्याही याच साच्यातून निघतात. साचा मात्र जुना आहे. जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्येही नायकाचा गर्व आणि नायिकेचा पूर्वग्रह गळून पडल्यावरच प्रेम उभे राहते.

प्रस्थापित समीक्षा अशा पुस्तकांना थिल्लर करमणूक म्हणून मोडीत काढते. परंतु ज्या गोष्टीकडे एवढी तरुण मने ओढली जातात, तिच्या मुळाशी कोणती तरी भूक असते. ती कोणती, याचा शोध चळवळीने घेतला पाहिजे.

पहिली भूक समतेची आहे. प्रतिस्पर्धी होण्यासाठी आधी बरोबरीचे असावे लागते. ज्याला आपण माणूसच मानत नाही, त्याच्याशी स्पर्धा होत नाही. दुसरी भूक मुलीच्या रागाला जागा मिळण्याची आहे. पारंपरिक प्रेमकथेत तिने लाजायचे आणि वाट पाहायची. येथे ती भांडते, घाम गाळते, जिंकते आणि तशीच असूनही तिच्यावर प्रेम केले जाते. तिसरी भूक सहवासाची. जेथे मुलामुलींच्या बोलण्यावरही पहारा असतो, तेथे खेळ हे एकत्र असण्याचे निर्दोष निमित्त ठरते.

रायगडच्या किनाऱ्यावरील वाचकाला हे कळण्यासाठी बर्फाची गरज नाही. अलिबाग, पेण, उरण, रोहा या पट्ट्यात कबड्डी हा गावोगावचा खेळ आहे. कबड्डी म्हणजे स्पर्शाचा खेळ. चढाई करणारा ३० सेकंदांत, दम न सोडता, समोरच्या सातांपैकी कोणाला तरी शिवून परततो. बचाव करणारे त्याला कवळ घालतात, त्याचा घोटा धरतात. बाद झालेला गडी आपल्या संघाने गुण मिळवला की पुन्हा जिवंत होतो. शिवाशिवीवर उभ्या असलेल्या समाजात असा खेळ रुजावा, ही साधी गोष्ट नव्हे. मध्यरेषेपलीकडचा गडी कोणत्या आळीतला, हे पकड करताना विचारता येत नाही. वैर आहे, पण ते नियमाने बांधलेले आहे आणि शिट्टी वाजली की संपते. या कादंबऱ्यांची सारी जादू अशाच वैरात आहे.

प्रश्न आहे तो सामना संपल्यानंतरचा. पळवणकर बाळू या दलित गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु त्यापूर्वी पुण्याच्या मैदानावर त्याच्या हातातला चेंडू झेलणारे सवर्ण सहकारी चहाच्या वेळी त्याला वेगळा पेला देत. मैदानाने जे दिले, ते मैदानाबाहेर टिकले नाही.

कादंबरीतले वैर गैरसमजातून येते, म्हणून गैरसमज फिटला की ते संपते. जात हा गैरसमज नाही. ती जमीन, पाणी आणि लग्न यांची व्यवस्था आहे. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून महाडच्या सत्याग्रह परिषदेला गेले. चवदार तळ्याचा हक्क मागण्यासाठी भरलेल्या त्या परिषदेत त्यांनी सांगितले की, अस्पृश्यतेचे मूळ बेटीबंदीत आहे. पाणी खुले झाले एवढ्याने ती जाणार नाही. म्हणजे जोडीदार निवडण्याचा प्रश्न याच भूमीवर पाण्याच्या प्रश्नाबरोबर मांडला गेला. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हटला.

त्या उपायाची किंमत आपण पाहिली आहे. नागराज मंजुळे यांचा २०१६ चा 'सैराट' क्रिकेटच्या सामन्याने सुरू होतो आणि दोघांच्या खुनाने संपतो. तो केवळ चित्रपट नव्हता. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सवर्ण मुलीशी मैत्री असल्याच्या संशयावरून एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. २०१७ साली खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलाचे त्या मुलीशी वैर नव्हते. वैर धरले होते ते व्यवस्थेने.

म्हणून या कादंबऱ्या मुलांच्या हातून काढून घ्याव्यात काय? मुळीच नाही. त्यांतली इच्छा खरी आहे, समतेच्या बाजूची आहे. शिक्षकांनी एवढेच करावे : पुस्तक वाचून झालेल्या मुलांना विचारावे की, या दोघांचे भांडण कशावरून होते, आणि त्यांच्या प्रेमाला कोणाकोणाची परवानगी लागली? आपल्या गावात ते कोणत्या ठिकाणी अडले असते? उत्तरे मुलांना ठाऊक असतात. विचारणारे कोणी नसते.

लिहिणाऱ्यांसाठीही येथे काम आहे. महिला कबड्डी २०१० पासून आशियाई क्रीडास्पर्धेत आहे. किनाऱ्यावरच्या एखाद्या बौद्धवाडीतली चढाई करणारी मुलगी, तिचा राग, तिचा खेळ आणि तिने स्वतः निवडलेला माणूस, यांची कादंबरी मराठीत लिहिली जावी. तिचा शेवट गोड करायचा तर लेखकाला आधी गावाची रचना बदलताना दाखवावी लागेल. ते अवघड आहे, आणि म्हणूनच ते आपल्या साहित्याचे काम आहे.